शनिवारच्या वर्गातले सात निबंध

आमच्या केंद्रप्रमुखांनी एक दिवस फोन करून सांगितलं की दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आजूबाजूच्या चार गावांतली सात हुशार मुलं माझ्या शाळेत येतील आणि मी त्यांना दोन तास मराठी शिकवायचं. मी विचारलं, "काय शिकवायचं?" ते म्हणाले, "मॅडम, हुशार पोरं आहेत. त्यायले काय, काही बी शिकवा." फोन ठेवून मी बराच वेळ कोऱ्या फळ्याकडे बघत बसले. घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचायला कसं लावायचं, ते मी झोपेतही करू शकेन. पण ज्याला सगळं येतं त्याचं काय करायचं, हे मला ना डी.एड.ला कोणी सांगितलं, ना त्यानंतरच्या एकाही प्रशिक्षणात.

मुलं चौथी-पाचवीतली होती. त्यांना निवडलं होतं ते आकृत्या आणि संख्यामालिकांच्या चाचणीवर. त्या चाचणीचा मराठीशी काय संबंध, हे मी विचारलं नाही, कारण विचारून उपयोग नसतो हे मला ठाऊक आहे. पहिल्या शनिवारी मी दोन तासांची तयारी करून गेले. समानार्थी शब्द, वाक्प्रचार, एक उतारा आणि त्याखाली दहा प्रश्न. पंचवीस मिनिटांत सगळं संपलं. सातही जणांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. परीक्षा माझीच चालली आहे असं मला वाटायला लागलं. माझा स्वभाव तापट आहे. घरचे तसं बोलून दाखवतात, शाळेतले बोलत नाहीत इतकंच. मी उगाच एका मुलावर अक्षरावरून डाफरले आणि सगळ्यांना शुद्धलेखन घातलं.

असे चार-पाच शनिवार गेले. वर्ग सुटला की घाटंजीची एसटी यायला तासभर असायचा. तेवढा वेळ मुलं शाळेमागच्या बोरीखाली जायची आणि खाली मान घालून पडलेली बोरं वेचत बसायची. खिडकीतून मला ते दिसायचं. हुशार म्हणून बोलावलं आणि ही बोरं वेचतात, असं मनात यायचं. दोनदा तर मी ओरडलेसुद्धा, "अरे, तेवढ्या वेळात काही वाचा!"

डिसेंबरात केंद्रप्रमुखांनी एक पत्रक आणून दिलं. विदर्भाबाहेर, रेल्वेनं एका दिवसाच्या अंतरावर, हुशार मुलांसाठी एक निवासी शाळा आहे. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. आमच्या वर्गातून एका मुलाचं नाव पाठवता येणार होतं. सोबत दोन गोष्टी द्यायच्या होत्या: मुलानं स्वतःबद्दल स्वतःच्या हातानं लिहिलेला निबंध आणि शिकवणाऱ्या शिक्षकाचं पत्र. कोणाला पाठवायचं ते मी ठरवायचं होतं.

मी सातही जणांना निबंध लिहायला सांगितलं. जे आलं ते वाचून कपाळावर हात मारून घेतला. सातही वह्यांत "माझा आवडता छंद वाचन आहे" हे वाक्य होतं आणि सातांपैकी पाचांच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय एक पुस्तक नव्हतं. मी वह्या टेबलावर आपटल्या आणि म्हटलं, "यात तुम्ही कुठं आहात? घरी जे आहे ते लिहा. नाहीतर लिहू नका." रागात बोलले, पण खरं सांगायचं तर हे असं लिहायला त्यांना आम्हीच शिकवलं होतं. नमुना निबंध फळ्यावर लिहून द्यायचा आणि पाठ करून घ्यायचा, ही पद्धत मी स्वतः कितीतरी वर्षं चालवली आहे.

दोन शनिवारांनी नवे निबंध आले आणि मी चाट पडले.

एका मुलानं लिहिलं होतं की वडिलांनी त्याची बकरी घाटंजीच्या बाजारात विकली, आणि ती गिऱ्हाइकाच्या हातून दोरी सोडवून बस स्टँडपर्यंत यांच्या मागे आली. वडील एसटीत चढून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसले, म्हणजे ती दिसणार नाही. एका मुलीची आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. तिनं लिहिलं, "आई संध्याकाळी म्हातारी होऊन घरी येते. केसांवरचा कापूस झटकला आणि आंघोळ केली की पुन्हा आई होते." कोलामांच्या वस्तीवरून, पोडावरून, येणाऱ्या एका मुलानं लिहिलं की त्याचा आजा शाळेत आला की वेगळा हसतो आणि घरी वेगळा, आणि घरचं हसू त्यानं शाळेतल्या कोणालाच अजून दाखवलेलं नाही. मी ती वाक्यं उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवली. सगळ्यांनी विचारलं, "मॅडम, कसं शिकवलं?" आणि मी, काही माहीत नसताना, पाच मिनिटं त्यावर बोलले. आज आठवलं तरी लाज वाटते.

सातव्या वहीत मात्र सहा ओळी होत्या. ही मुलगी पाचवीतली, शांत, कुठल्याही प्रश्नाचं उत्तर विचारल्यावर लगेच देणारी. तिचे वडील घाटंजी ते यवतमाळ प्रवाशांची काळीपिवळी जीप चालवतात, आई शेतात मजुरीला जाते. तिनं एवढंच लिहिलं होतं की घरी चार जण राहतात, वडील गाडी चालवतात, तिला शाळा आवडते. एकही चूक नव्हती आणि एकही ओळ लक्षात राहण्यासारखी नव्हती. मला वाटलं, हिला आकृत्या जमतात, भाषा जमत नाही. मी बकरीवाल्या मुलाचं नाव मनात पक्कं केलं.

निबंध थोडा लहान होता, म्हणून पुढच्या शनिवारी त्याला जवळ बोलावून म्हटलं, "बस सुटल्यावर पुढं काय झालं, ते लिही. एक पान भरू दे."

तो डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "पुढचं नाही येत मॅडम. तिनं विचारलं नाही ना अजून."

"कोणी?"

त्यानं मागच्या बाकाकडे बोट केलं. सहा ओळींवाली मुलगी खाली बघत होती.

"तिनं लिहून दिलं तुला?" माझा आवाज चढला.

"नाही मॅडम, म्याच लिहलं. तिनं विचारलं, म्या सांगितलं. मंग तिनं मलेच माह्यं सांगितलं. मंग म्या लिहलं."

मी एकेकाला उभं केलं. सहाही जणांचं तेच. शब्द त्यांचे, अक्षर त्यांचं, घडलेलं त्यांच्याच घरी. पण आधी हिनं बोरीखाली बोरं वेचताना विचारलेलं, आणि ऐकून झाल्यावर त्यांचं त्यांना परत सांगितलेलं. परत सांगताना ती काही गोष्टी गाळायची आणि काही पुढं आणायची. दुसऱ्या बाजूच्या खिडकीची गोष्ट त्या मुलानं ओघात सांगितली होती. हिनं म्हटलं होतं, "हेच शेवटी घे."

मी तिच्यावर चिडले. नक्की कशाबद्दल, ते मला सांगता आलं नसतं. "दुसऱ्याचा निबंध करून द्यायचा नसतो, एवढं कळत नाही?" ती म्हणाली, "मी कायी करून नाही देल्लं मॅडम. फक्त विचारलं." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फळा पुसायला लागले, जरी फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात माझं डोकं पार चक्रावून गेलं. ही नक्कल म्हणावी का? मग मी बावीस वर्षं फळ्यावर निबंध लिहून दिले ते काय होतं? आणि हे शिकवणं म्हणावं, तर ते दहा वर्षांच्या मुलीनं बोरीखाली केलं आणि मी खिडकीतून ओरडले. त्या निबंधातली हुशारी कोणाची? बकरी त्याची, रडू त्याचं, पण हिच्याशिवाय ते वहीत आलंच नसतं. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढा विचार कायले करता मॅडम? ज्याचं अक्षर चांगलं, त्याचं पाठवा." मला त्यांचा हेवा वाटला.

शेवटी बकरीवाल्या मुलालाच विचारावं म्हणून बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, मी नाही जात तिकडं. घरी अजून तीन बकऱ्या आहेत." विषय संपला. मग मी सहा ओळींवाल्या मुलीचं नाव ठरवलं. तिच्या आईला भेटले. ती कापसाच्या वेचणीवरून नुकतीच परतली होती. म्हणाली, "तुमी म्हनान तसं मॅडम. मले का समजते त्यातलं." वडिलांनी स्टँडवर गाडीचं दार उघडं धरून, प्रवासी आत कोंबता कोंबता ऐकलं आणि म्हणाले, "पोरगी शिकली पाह्यजे. पाठवून टाका." मुख्याध्यापकांची सही झाली. फक्त तिचा निबंध नव्हता, आणि माझं पत्र नव्हतं.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. वडील तीन वाजता गाडी घेऊन येणार होते. एका पालकांनी मला पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या होत्या. मी खुर्चीत बसले, तिला समोर उभं केलं आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तिनं सांगितलं. "वडील काय करतात?" सांगितलं. "तुला काय आवडतं?" ती म्हणाली, "शाळा." झाल्या सहा ओळी. मी हात टेकले.

"मग त्या सगळ्यांकडून तू कसं काढून घेतेस गं?" मी वैतागून विचारलं.

ती मग पिशवीकडे पाहून म्हणाली, "शेंगा सोलू काय मॅडम?"

आम्ही दोघी सतरंजीवर बसलो, मध्ये एक ताट घेतलं आणि सोलायला लागलो. थोड्या वेळानं ती आपणहून बोलायला लागली, शेंगांकडे बघत. "सुट्टीत मी आईसंगं वेचाले जातो मॅडम. तिथं आई अन् काकू एकमेकीकडं पाह्यतच नाहीत. बोंडाकडं पाह्यतात अन् बोलतात. घरी नाही बोलत तेवढं तिथं बोलतात. तोंडाकडं पाह्यलं का मानूस गप होते. हात कामात असले का बोलते. म्हणून मी पोरायले बोरं वेचाले नेतो."

"आणि मी विचारते तेव्हा?"

तिनं नवी शेंग उचलली. मी म्हटलं, "सांग, रागावणार नाही."

"तुमी खुर्चीवर बसून डोयात पाहून विचारता," ती हळूच म्हणाली. "अन् तुमाले मायित असलेलंच विचारता. आमी सांगितलं का तुमी म्हनता बरोबर, नाहीतं चूक. मायित नसलेलं विचारा ना मॅडम."

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. बावीस वर्षांतले माझे प्रश्न मी आठवायला लागले. राजधानी कोणती, विरुद्धार्थी शब्द कोणता, कवीला काय म्हणायचं आहे. ज्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं असा एकही प्रश्न मला आठवेना. राग आला नाही, भीती वाटली. एवढी वर्षं मी मुलांशी बोलत होते की नुसती तपासत होते?

"जे आत्ता सांगितलंस, वेचणीचं आणि बोरांचं, तेच लिही," मी म्हटलं. तिनं तिथंच बसून दीड पान लिहिलं. त्यात मी एक अक्षर बदललं नाही.

मग तिनं विचारलं, "तुमचं पत्र झालं काय मॅडम?" मी पर्समधून कागद काढून दाखवला. "सदर विद्यार्थिनी हुशार, नम्र, होतकरू व आज्ञाधारक असून" असं लिहून मी चार दिवस अडले होते. तिनं वाचलं आणि म्हणाली, "हुशार आहे थे तं त्यायले मायितच असन." मला हसू आलं. तिनं ताट माझ्याकडे सरकवलं, मूठभर शेंगा माझ्यासमोर ठेवल्या आणि खाली बघतच विचारलं, "मी गेली तं तुमाले कसं वाटन?"

माझ्यावर तिची युक्ती चालली आहे हे मला कळत होतं. तरी मी बोलले. बोटं शेंगेत होती आणि तोंड आपोआप चालत होतं. सांगितलं की पहिले कितीतरी शनिवार मला इथं यायचा कंटाळा यायचा, आणि आता शुक्रवारपासूनच मी वाट बघते. तू गेलीस की उरलेल्या सहा जणांचं काय करायचं, हे मला कळत नाही, कारण वर्ग मी नाही, तू चालवतेस. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, दर रविवारी फोन करते, अभ्यासाच्या तासासारखे तीन प्रश्न, तीन उत्तरं, मग दोघी गप्प. हे मी मध्येच का सांगितलं कोण जाणे. आणि शेवटी म्हटलं, "खरं सांगू? तू जाऊ नये असं वाटते मले."

तिनं ताटातले दाणे एका बाजूला केले. मग तिनं माझं मला परत सांगितलं, पाच-सहा वाक्यांत. मुलीचं मी ओघात बोलले होते, ते तिनं सगळ्यात आधी घेतलं. मुलांचं काय होईल ते नंतर. जाऊ नये असं वाटतं, हे शेवटी. तिनं जसं सांगितलं तसं मी लिहून काढलं आणि खाली एक ओळ माझ्या मनानं घातली, "तरी हिला घ्यावं, कारण हिला जे येतं ते मला शिकवता येणार नाही." एवढ्यात बाहेर काळीपिवळीचा हॉर्न वाजला.

मुख्याध्यापकांनी ते पत्र दोनदा वाचलं. "मॅडम, ही शिफारस आहे का तक्रार?" मी म्हटलं, "मलाही कळत नाही, पण शिक्का मारा."

मार्चमध्ये शाळेच्या वेळेत त्या निवासी शाळेतून एका बाईंचा फोन आला. निबंध त्यांना फार आवडला होता. पत्रही आवडलं होतं, पण त्या गोंधळल्या होत्या. "तुम्ही लिहिलंय तिनं जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, आणि घ्यावं असंही लिहिलंय. जागा एकच आहे. आम्ही धरायची की नाही, तुम्ही नक्की सांगा." वऱ्हांड्यात मुलं दंगा करत होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. नाही म्हणाले असते तर ती शनिवारी माझ्या वर्गात राहिली असती. आईनं काही विचारलं नसतं आणि वडिलांना मी काहीही सांगू शकले असते. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, लपवण्यात अर्थ नाही. मग मी म्हटलं, "धरा." आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी वर्गात सांगितलं. सहा जणांनी टाळ्या वाजवल्या, बकरीवाल्यानं सगळ्यात जोरात. ती उठून उभी राहिली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि बसली. चेहऱ्यावरून काही कळेना. वर्ग सुटल्यावर बाकीचे एसटीकडे पळाले आणि ती नेहमीसारखी सतरंजी आवरायला थांबली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झटकून आम्ही घडी घालायला लागलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईला विचारलं होतं, वडिलांना विचारलं होतं, मुख्याध्यापकांना विचारलं होतं. मला काय वाटतं तेसुद्धा तिनं काढून घेतलं होतं. मी तिच्या तोंडाकडे न बघता, सतरंजीकडे बघत विचारलं, "तुले जायचं आहे काय गं?"

ती घडी घालत माझ्याजवळ आली. तिच्या बाजूची टोकं माझ्या हातात दिली.

"आता विचारता मॅडम?" ती म्हणाली, आणि दप्तर उचलून वडिलांच्या गाडीकडे गेली.